नोंदवहीला नोंदवही जोडताना : संगणकीय तक्त्यांच्या सांधणीचा परिचय

अतिवृष्टी ओसरली की विभागीय कृषी कार्यालयाच्या दारात शेतकऱ्यांची ये-जा वाढते. कोणाचे उभे भात आडवे झालेले असते, कोणाच्या कुळागरात पाणी साचलेले असते. अर्ज हाती आल्यावर कारकुनाला तीन गोष्टी पाहाव्या लागतात. अर्जदार कोण, हे एका नोंदवहीत असते. त्याचे गाव कोणत्या तालुक्यात मोडते, हे दुसरीत असते. आणि पाहणीस गेलेल्या कर्मचाऱ्याने लिहून आणलेले नुकसान तिसरीत असते. तिन्ही नोंदवह्या टेबलावर उघड्या ठेवावयाच्या, एकीतील क्रमांकावर डाव्या हाताचे बोट ठेवावयाचे, तोच क्रमांक दुसरीत उजव्या हाताच्या बोटाने शोधावयाचा आणि दोन्हीकडील मजकूर कोऱ्या कागदावर एका ओळीत उतरवून घ्यावयाचा, अशी ही जुनी पद्धत आहे.

आज बहुतेक ठिकाणी हे काम संगणकाकडे आले आहे. बोटाची जागा आज्ञेने घेतली आहे. एकमेकांशी संबंधित असलेल्या तक्त्यांतील माहिती क्रमांकाच्या आधारे एकत्र आणण्याच्या या क्रियेस संगणकाच्या परिभाषेत ‘जॉइन’ म्हणतात. मराठीत तिला ‘सांधणी’ म्हणता येईल. सुतार दोन फळ्या सांधतो तेव्हा खाच आणि कूस एकमेकांत नीट बसावी लागते. तक्त्यांच्या सांधणीतही तसेच असते.

ही माहिती केवळ संगणक चालविणाऱ्यांसाठी आहे, असे कोणी मानू नये. सांधणी कोणत्या प्रकारची केली यावर मदतीच्या यादीत कोणाचे नाव येते आणि कोणाचे गळते, हे ठरत असते. नाव गळाले तर यंत्र काही ओरडून सांगत नाही. यादी स्वच्छ छापून निघते, तिच्यावर सही होते, आणि ज्याचे नाव तिच्यात नाही त्याला त्याचे कारण कोणीच सांगू शकत नाही. म्हणून अधिकारी, शिक्षक आणि ग्रामस्थ या सर्वांनीच ही क्रिया समजून घेणे अगत्याचे आहे.

तक्ते वेगळे का ठेवतात?

कोणीही विचारील की, सर्व माहिती एकाच मोठ्या तक्त्यात लिहून ठेवली तर सांधणीची गरजच उरणार नाही. प्रश्न रास्त आहे. परंतु एकाच तक्त्यात सर्व लिहावयाचे म्हटले म्हणजे एकच गोष्ट अनेकवार लिहावी लागते. एका गावातील तीनशे शेतकऱ्यांच्या नावांपुढे गावाचे व तालुक्याचे नाव तीनशे वेळा लिहावे लागेल. पुढे त्यात बदल झाला तर तीनशे ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल आणि त्यांतील पाच-दहा ठिकाणे हमखास राहून जातील.

गोव्यातील उदाहरण यासाठी बोलके आहे. मोले आणि कुळे ही गावे पूर्वी सांगे तालुक्यात होती. गोवा १९८७ साली घटक राज्य झाल्यानंतरच्या काळात धारबांदोडा हा नवा तालुका निर्माण झाला आणि ही गावे त्यात आली. ज्या दप्तरात प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे तालुका लिहिलेला असेल तेथे अशा प्रसंगी प्रत्येक ओळ खोडावी लागते. ज्या दप्तरात गावांचा तक्ता स्वतंत्र असेल आणि शेतकऱ्यांच्या तक्त्यात फक्त गावाचा क्रमांक असेल, तेथे प्रत्येक गावामागे एकच दुरुस्ती पुरते. ‘एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी’ हे चांगल्या दप्तराचे पहिले तत्त्व होय. मात्र या तत्त्वाची किंमत अशी की, वेगळे ठेवलेले पुन्हा एकत्र पाहावयाचे असेल तेव्हा सांधावे लागते.

प्रत्येक ओळ निश्चितपणे ओळखता यावी म्हणून तक्त्यात एक असा रकाना ठेवतात की ज्यातील मूल्य दोन ओळींत सारखे येत नाही आणि जो कधी कोरा राहत नाही. त्यास ‘प्रायमरी की’ म्हणतात. हाच क्रमांक दुसऱ्या तक्त्यात संदर्भासाठी लिहिला म्हणजे तेथे तो ‘फॉरिन की’ होतो. सांधणी बहुधा या दोहोंच्या जुळणीवर उभी असते.

थोडा इतिहास

ही विचारसरणी मांडली ती एडगर कॉड या गणितज्ञाने. इंग्लंडमध्ये १९२३ साली जन्मलेले कॉड अमेरिकेतील आयबीएम या कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. १९७० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात सर्व माहिती साध्या तक्त्यांच्या रूपाने ठेवावी आणि ती यंत्रात कोठे व कशी साठविली आहे याची चिंता विचारणाऱ्याला नसावी, असा विचार मांडला. त्यापूर्वीच्या पद्धतींत माहितीपर्यंत जाण्याची वाट प्रश्नकर्त्यालाच आखावी लागे. कॉड यांच्या पद्धतीत काय हवे एवढेच सांगावयाचे. ते कसे शोधावे हे यंत्राने ठरवावयाचे. या कार्याबद्दल त्यांना १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००३ साली त्यांचे निधन झाले.

त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तिचे नाव प्रथम ‘सीक्वेल’ असे होते. ते नाव दुसऱ्या एका कंपनीचे नोंदणीकृत चिन्ह असल्याने पुढे ती ‘एसक्यूएल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १९८६ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तिला मान्यता दिली. सांधणीसाठी ‘जॉइन’ आणि ‘ऑन’ हे शब्द स्पष्टपणे लिहिण्याची रीत १९९२ च्या मानकात आली. तोवर तक्त्यांची नावे स्वल्पविराम देऊन ओळीने लिहीत आणि जुळणीची अट शेवटी देत.

उदाहरणाचे तीन तक्ते

पुढील विवेचनासाठी तीन लहान तक्ते घेऊ. यांतील गावे खरी असली तरी शेतकरी, क्रमांक आणि आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत.

तक्ता पहिला : शेतकरी
शेतकरी क्रमांक | नाव | गाव क्रमांक
१ | अ | ११
२ | ब | ११
३ | क | १२
४ | ड | १३

तक्ता दुसरा : गाव
गाव क्रमांक | गाव | तालुका
११ | साळ | डिचोली
१२ | कुडणे | डिचोली
१३ | मोले | धारबांदोडा

तक्ता तिसरा : पाहणी
पाहणी क्रमांक | शेतकरी क्रमांक | पीक | क्षेत्र (चौरस मीटर)
५०१ | १ | भात | २०००
५०२ | १ | सुपारी | ५००
५०३ | ३ | भात | ३०००
५०४ | ७ | भात | १०००
५०५ | (कोरा) | भात | ८००

तिसरा तक्ता बारकाईने पाहावा. पाहणी क्रमांक ५०४ पुढे शेतकरी क्रमांक ७ आहे. परंतु शेतकऱ्यांच्या तक्त्यात ७ हा क्रमांकच नाही. ५०५ पुढे क्रमांक लिहावयाचा राहून गेला आहे. उलट शेतकरी ब आणि ड यांची पाहणीच नोंदलेली नाही. प्रत्यक्ष दप्तरांत अशा उणिवा असतातच. सांधणीची परीक्षा होते ती अशाच ओळींवर.

जुळणाऱ्या ओळींची सांधणी

सांधणीचा सर्वांत प्रचलित प्रकार ‘इनर जॉइन’ हा होय. दोन्ही तक्त्यांत ज्यांचा क्रमांक जुळतो, तेवढ्याच ओळी तो देतो. आज्ञेतील शब्द यंत्रात इंग्रजी लिपीत लिहावयाचे असतात. येथे ते उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.

सिलेक्ट शेतकरी.नाव, पाहणी.पीक, पाहणी.क्षेत्र
फ्रॉम शेतकरी
इनर जॉइन पाहणी
ऑन शेतकरी.शेतकरी_क्रमांक = पाहणी.शेतकरी_क्रमांक

‘सिलेक्ट’पुढे कोणते रकाने हवेत ते, ‘फ्रॉम’पुढे पहिला तक्ता, ‘जॉइन’पुढे दुसरा तक्ता आणि ‘ऑन’पुढे जुळणीची अट, असा हा क्रम आहे. दोन्ही तक्त्यांत एकाच नावाचा रकाना असल्यामुळे रकान्याआधी तक्त्याचे नाव देऊन मध्ये टिंब देतात. नाहीतर कोणत्या तक्त्यातील क्रमांक हे यंत्राला कळणार नाही. उत्तर असे मिळते :

अ | भात | २०००
अ | सुपारी | ५००
क | भात | ३०००

तिसरा तक्ताही याच रीतीने जोडता येतो. वरील आज्ञेखाली ‘इनर जॉइन गाव ऑन शेतकरी.गाव_क्रमांक = गाव.गाव_क्रमांक’ एवढे वाढविले की प्रत्येक ओळीत गाव व तालुका येऊन बसतो.

आता बेरीज करून पाहावी. वरील तीन ओळींचे क्षेत्र ५५०० चौरस मीटर होते. पाहणीच्या मूळ तक्त्यातील पाचही ओळींचे क्षेत्र मात्र ७३०० आहे. म्हणजे १८०० चौरस मीटर नुकसान यादीतून निघून गेले. आज्ञेत कोणतीही चूक नव्हती. तिने जे विचारले तेच यंत्राने दिले. ज्यांचा क्रमांक जुळत नाही त्या ओळी गाळाव्यात, हा या प्रकाराचा धर्मच आहे. परंतु गाळलेल्या दोन ओळींमागे कोणाची तरी दोन शेते पाण्याखाली गेलेली आहेत, हे विसरून चालणार नाही.

गळालेली नावे राखणारी सांधणी

यासाठी ‘आउटर जॉइन’ हा प्रकार आहे. त्याचे तीन पोटप्रकार आहेत.

‘लेफ्ट जॉइन’ डावीकडील, म्हणजे आज्ञेत आधी लिहिलेल्या तक्त्यातील, प्रत्येक ओळ राखतो. जुळणी नसेल तेथे उजव्या बाजूचे रकाने कोरे ठेवतो. वरील आज्ञेत ‘इनर’ऐवजी ‘लेफ्ट’ असा बदल केला की पाच ओळी मिळतात :

अ | भात | २०००
अ | सुपारी | ५००
ब | (कोरा) | (कोरा)
क | भात | ३०००
ड | (कोरा) | (कोरा)

‘राइट जॉइन’ उजव्या तक्त्यातील प्रत्येक ओळ राखतो. येथे पाहणीच्या पाचही ओळी येतील. ५०४ व ५०५ यांच्यापुढे नावाची जागा कोरी असेल. ‘फुल जॉइन’ दोन्हीकडील सर्व ओळी राखतो. जुळलेल्या तीन, पाहणी नसलेले दोन शेतकरी आणि शेतकरी नसलेल्या दोन पाहण्या मिळून सात ओळी होतात. मायएसक्यूएल या प्रणालीत ‘फुल जॉइन’ची सोय नाही, तेथे लेफ्ट व राइट अशा दोन सांधण्यांची उत्तरे एकत्र करून तेच साधावे लागते.

या कोऱ्या जागांचा उपयोग फार मोठा आहे. लेफ्ट जॉइनच्या आज्ञेखाली ‘व्हेअर पाहणी.पाहणी_क्रमांक इज नल’ अशी ओळ जोडली की ज्यांची पाहणी नोंदलेली नाही असे शेतकरीच तेवढे उरतात : ब आणि ड. ही दोन नावे हाती आल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. त्यांचे नुकसान झाले नाही, की पाहणी करणारा त्यांच्या शेतापर्यंत पोहोचलाच नाही? तक्त्यात दोन्ही गोष्टी सारख्याच कोऱ्या दिसतात. याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. ते शेताच्या बांधावर जाऊनच मिळवावे लागते. मात्र कोणाच्या बांधावर जावयाचे, हे यंत्राने सांगितले, हेही थोडे नव्हे.

येथे ‘नल’ या शब्दाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. नल म्हणजे शून्य नव्हे. क्षेत्र शून्य असणे आणि क्षेत्र ठाऊक नसणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच शून्य आणि नल यांत आहे. नल हे कोणत्याही मूल्याशी, दुसऱ्या नलशीसुद्धा, जुळत नाही. दोन पाकिटांवर पत्ता लिहिलेला नसला म्हणून ती एकाच घरची ठरत नाहीत. म्हणूनच क्रमांक कोरा असलेली ५०५ ही ओळ कोणालाही जोडली जाऊ शकत नाही, आणि म्हणूनच तिच्यासाठी ‘बरोबर’चे चिन्ह न वापरता ‘इज नल’ असे वेगळे शब्द वापरावे लागतात.

अटीची जागा

जाणत्या माणसांचीही चूक होते असे एक स्थान येथे दाखविणे उपयुक्त ठरेल. समजा, केवळ भाताच्या नुकसानीची यादी हवी आहे. परंतु ज्यांची नोंद नाही तेही शेतकरी यादीत दिसावयास हवेत. लेफ्ट जॉइन केला आणि शेवटी ‘व्हेअर पाहणी.पीक = भात’ अशी अट घातली, तर काय होईल? सांधणी आधी होते आणि ‘व्हेअर’ची चाळणी नंतर लागते. ब आणि ड यांच्यापुढे पीक कोरे आहे. कोरे हे ‘भात’ नव्हे. म्हणून चाळणीत ते दोघे गळतात. लेफ्ट जॉइन लिहूनही उत्तर इनर जॉइनचेच मिळते आणि दोनच ओळी उरतात.

हीच अट ‘ऑन’च्या ओळीत ‘अँड’ने जोडली की ती सांधतानाच लागू होते. मग अ, ब, क आणि ड असे चारही शेतकरी यादीत राहतात; ब व ड यांच्यापुढे जागा कोरी राहते एवढेच. एका ओळीची जागा बदलल्याने दोन माणसे यादीत येतात किंवा जातात. दोन्ही आज्ञा यंत्राला सारख्याच बिनचूक वाटतात.

एकाचे चार कसे होतात?

नावे गळणे हा एक दोष. रक्कम फुगणे हा दुसरा. शेतकरी अ याची दोन खाती आहेत असे समजू, एक बँकेत आणि एक पतसंस्थेत. क याचे एकच आहे. खात्यांचा चौथा तक्ता पाहणीशी शेतकरी क्रमांकावर सांधला तर अ याच्या पाहणीच्या दोन ओळींपैकी प्रत्येक ओळ दोन्ही खात्यांशी जुळते. दोन गुणिले दोन अशा चार ओळी होतात. त्याचे क्षेत्र २५०० ऐवजी ५००० दिसू लागते आणि अ व क मिळून होणारी ५५०० ची बेरीज ८००० वर जाते. यादीत कोठेही खोटा आकडा नसतो. खरा आकडाच दोनदा मोजला गेलेला असतो.

याला उपाय दोन आहेत. प्रत्येक शेतकऱ्याचे एकूण क्षेत्र आधी ‘ग्रुप बाय’ने काढून घ्यावे, म्हणजे एका शेतकऱ्याची एकच ओळ होते, आणि मगच खात्यांशी सांधावे, तसेच खात्यांच्या तक्त्यात मदत कोणत्या खात्यात जमा करावयाची हे दर्शविणारा रकाना ठेवून सांधताना तेवढेच खाते घ्यावे. सांधण्यापूर्वी ‘या तक्त्यात एका क्रमांकाच्या किती ओळी आहेत?’ हा प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय लावली तर हा दोष सहसा होत नाही.

जुळणीची अट अजिबातच दिली नाही तर प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी जोडली जाते. त्यास ‘क्रॉस जॉइन’ म्हणतात. आपल्या उदाहरणात चार शेतकरी गुणिले पाच पाहण्या अशा वीस ओळी होतील. स्वल्पविरामाच्या जुन्या रीतीत अट लिहावयाची राहून गेली की हेच घडत असे. ‘जॉइन’ आणि ‘ऑन’ जोडीने लिहिण्याच्या नव्या रीतीचा हा मोठा लाभ आहे.

कशावर सांधावे?

नावावर सांधू नये, हा पहिला नियम. एका गावात एकाच नावाच्या दोन व्यक्ती असणे नवल नाही. गोव्यात तर याहून वेगळी अडचण आहे. १९६१ पर्यंतच्या पोर्तुगीज राजवटीतील कागदपत्रांत आडनावे पोर्तुगीज वळणाने लिहिली जात. ‘नाईक’ हे आडनाव रोमन लिपीत कोठे ‘क्यू-यू-ई’ या अक्षरांनी संपते, तर कोठे केवळ ‘के’ या अक्षराने. ‘प्रभू’ हे ‘पोरोबो’ झालेले आढळते. आजोबांचा कागद आणि नातवाचे ओळखपत्र यांत एकच आडनाव दोन प्रकारे असते. घरच्यांना दोन्ही एकच आहेत हे ठाऊक असते. यंत्राला ती दोन वेगळी माणसे दिसतात.

केवळ सर्व्हे क्रमांकावरही सांधू नये, हा दुसरा नियम. एक-चौदाच्या उताऱ्यावर सर्व्हे क्रमांकासोबत पोटविभाग क्रमांक असतो आणि सर्व्हे क्रमांकांची मालिका प्रत्येक गावाची निराळी असते. ४५ हा सर्व्हे क्रमांक साळ येथेही असू शकतो आणि कुडणे येथेही. गाव, सर्व्हे क्रमांक आणि पोटविभाग हे तिन्ही जुळले तरच जमीन एक. ‘ऑन’च्या ओळीत या तिन्ही अटी ‘अँड’ने जोडाव्या लागतात. एक जरी राहिली तर एका गावची शेती दुसऱ्या गावच्या माणसाच्या नावावर चढते. तीही फक्त कागदावर, परंतु कागदावर चढलेले उतरविण्यास किती खेपा घालाव्या लागतात हे ग्रामस्थांना सांगावयास नको.

तिसरी गोष्ट अनेकांच्या नात्याची. एका पोटविभागावर अनेक वारसांची नावे असतात आणि एका व्यक्तीचे अनेक ठिकाणी हक्क असतात. त्याच जमिनीवर कब्जेदार एक आणि कूळ दुसरे असेही असते. अशा वेळी जमिनीच्या तक्त्यात ‘नाव १’, ‘नाव २’, ‘नाव ३’ असे रकाने वाढवीत बसणे चुकीचे होय. त्याऐवजी मध्ये एक दुव्याचा तक्ता ठेवावा. त्यात जमिनीचा क्रमांक, व्यक्तीचा क्रमांक आणि तिचे नाते, म्हणजे कब्जेदार की कूळ, एवढे तीनच रकाने असावेत. जितके हक्क तितक्या ओळी. मग जमिनीपासून दुव्याकडे आणि दुव्यापासून व्यक्तीकडे अशी दोन टप्प्यांची सांधणी केली की कोणाचाही हक्क रकान्यांच्या अभावी बाहेर राहत नाही.

यंत्र हे काम कसे करते?

यंत्राची रीत आणि कुशल कारकुनाची रीत यांत आश्चर्यकारक साम्य आहे. पहिली रीत अशी की, एका तक्त्यातील एक ओळ घ्यावयाची आणि दुसरा तक्ता आरंभापासून अखेरपर्यंत पाहावयाचा. मग दुसरी ओळ घ्यावयाची. तक्ते लहान असतील किंवा दुसऱ्या तक्त्याला पुस्तकाच्या मागील सूचीप्रमाणे ‘इंडेक्स’ असेल, तर ही रीत चांगली चालते. दुसरी रीत अशी की, दोन्ही तक्ते क्रमांकानुसार लावून घ्यावयाचे आणि दोन्हींवर बोट ठेवून एकदाच वरून खाली यावयाचे. तिसऱ्या रीतीत लहान तक्त्यातील ओळी क्रमांकावरून काढलेल्या खुणेप्रमाणे कप्प्यांत टाकतात आणि मोठ्या तक्त्यातील प्रत्येक ओळीसाठी नेमका तोच कप्पा उघडून पाहतात. टपाल कचेरीत पत्रे वाटण्यापूर्वी खणांत लावतात तसेच हे आहे. यांपैकी कोणती रीत वापरावी, हे यंत्र तक्त्यांचा आकार पाहून स्वतः ठरविते. कॉड यांनी १९७० साली जे सांगितले होते, त्याचेच हे फळ होय.

दक्षतेचे चार नियम

वरील विवेचनाचे सार पुढील चार नियमांत सांगता येईल.

पहिला : सांधण्यापूर्वी आणि सांधल्यानंतर ओळी मोजाव्यात व बेरीज ताडून पाहावी. ७३०० चे ५५०० किंवा ५५०० चे ८००० झाले असेल तर कारण सापडेपर्यंत यादीवर सही करू नये.

दुसरा : प्रत्येक यादीसोबत तिची जोडयादीही काढावी. न जुळलेल्या ओळींची ही यादी सूचनाफलकावर लावली, तर ‘७’ क्रमांकाचा शेतकरी कोण आणि ५०५ ची पाहणी कोणाची, हे गावातील लोकच सांगतील.

तिसरा : पाहणी करतानाच क्रमांक लिहावा. शेतावर कोरा राहिलेला रकाना कार्यालयात बसून भरता येत नाही. तेथे तो केवळ गाळता येतो.

चौथा : ग्रामस्थांनी आपला शेतकरी क्रमांक, एक-चौदाच्या उताऱ्यावरील सर्व्हे व पोटविभाग क्रमांक आणि नावाचे लेखन सर्व कागदांवर एकसारखे आहे ना, हे सवड असताना पाहून ठेवावे. यादीत नाव नसल्यास ‘माझे नाव का नाही?’ एवढेच न विचारता ‘माझ्या कोणत्या क्रमांकाची जुळणी झाली नाही?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देता येते, आणि ते मिळाले की दुरुस्तीही करता येते.

शिक्षकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. वर्गाचा हजेरीपट आणि ग्रंथालयाची पुस्तक-देवघेव वही घ्यावी. हजेरी क्रमांकावरून दोहोंची सांधणी फळ्यावर करावी. ज्यांनी एकही पुस्तक नेले नाही असे विद्यार्थी कोणत्या सांधणीने सापडतील?

२. वरील उदाहरणात शेतकरी इ याची नोंद ७ या क्रमांकाने, गाव क्रमांक १२ सह, शेतकऱ्यांच्या तक्त्यात केली. आता इनर जॉइनमध्ये किती ओळी येतील व क्षेत्राची बेरीज किती होईल? शेतकऱ्यांच्या बाजूने केलेल्या लेफ्ट जॉइनमध्ये किती ओळी येतील?

३. एवढे करूनही एक पाहणी कोणालाच जोडलेली राहत नाही. ती कोणती, आणि ती जोडण्यासाठी काय करावे लागेल?

उत्तरे : (१) हजेरीपट डावीकडे ठेवून केलेला लेफ्ट जॉइन, आणि पुस्तकाचा रकाना नल असल्याची अट. (२) इनर जॉइनमध्ये चार ओळी व बेरीज ६५०० चौरस मीटर. लेफ्ट जॉइनमध्ये सहा ओळी. (३) पाहणी क्रमांक ५०५. तिच्यासाठी संगणकावर करण्यासारखे काहीच नाही. पाहणी करणाऱ्याने पुन्हा त्या शेतावर जाऊन शेत कोणाचे हे विचारले पाहिजे.